निशाणी नांगर

आमच्या घराण्याचे कुलचिन्ह म्हणजे मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला, जीभ बाहेर काढलेला तांबडा सिंह. सिंहाच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण, पायांखाली एक फीत आणि फितीवर लॅटिन भाषेतले तीन शब्द. ही माहिती मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, गेल्या भाद्रपदात, सकाळचा दुसरा चहा घेताना मिळाली. तोवर आम्ही सारे अंधारातच होतो.

माहिती धाडणारा माझा पुतण्या. तो अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. संगणकावर तिकडे एक दुकान आहे म्हणे. तेथे आपले आडनाव टाकायचे, पैसे भरायचे, की पंधरा दिवसांत लाकडी ढालीवर रंगवलेले आडनावाचे चिन्ह घरपोच. स्मिथ असो की शिंदे, दुकानदार कुणालाही विन्मुख पाठवीत नाही. आमचे आडनाव मी सांगत नाही. एवढेच सांगतो की दादरच्या पुलावर उभे राहून मोठ्याने हाक मारली तर दहा-वीस माणसे मागे वळून बघतील, इतके ते सरसकट आहे. पुतण्याचे लग्न मार्गशीर्षात करायचे घाटत होते आणि पत्रिकेवर गणपतीच्या खाली हा सिंह छापावा, अशी त्याची हौस होती.

सिंहाला काय उत्तर द्यावे याचा विचार करीत होतो, तोच वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आपलं देवक काय हो?"

मी गप्प. दादाला विचारा म्हणालो.

"त्यांनाच आधी विचारलं. ते म्हणाले, पाचपालवी असेल. मी तसंच पुण्याला कळवलं. तर मुलीची आई म्हणते, असेल नको, आहे ते सांगा. त्यांचं कळंब आहे."

शहरात वाढलेल्या वाचकांपैकी पुष्कळांनी देवक हा शब्द लग्नपत्रिकेतच वाचला असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. मराठा, कुणबी आणि इतरही अनेक जातींतल्या घराण्यांना एक एक देवक असते. बहुधा ते झाड असते. कुणाचा कळंब, कुणाचा वड, कुणाची रुई, कुणाचा वेळू. काहींचे झाड नसून वस्तू असते. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस, हे तर नावावरूनच ओळखावे. कुणाची तलवार, कुणाचा शंख, कुणाची हळद. लग्नाच्या आधी देवकाची फांदी वाजतगाजत आणून बसवतात आणि मगच पुढचे कार्य. त्या झाडाला एरवी कुऱ्हाड लावायची नाही, त्याचे लाकूड चुलीत घालायचे नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्यांचे देवक एक ती दोन्ही घराणी भावाभावांची. त्यांच्यात सोयरीक होत नाही.

आता कायद्याला यातले काही ठाऊक नाही. सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ च्या कायद्यानेच निघाली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात देवकाचे नावही नाही. मुलगा-मुलगी शिकलेली, दोघेही आपल्या पायांवर उभी. पण मुलीची नव्वद वर्षांची आजी होती. देवक एक निघाले तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही, असे तिने सांगितले होते. आणि आजी मांडवात नसेल तर मीही बोहल्यावर चढणार नाही, असे नात म्हणाली होती. साखरपुडा दसऱ्याला. तेव्हा सिंह बाजूला राहिला आणि घरात झाडाचा शोध सुरू झाला.

शोध घ्यावा तर कुणाकडे? आमचे आजोबा कर्जत तालुक्यातून मुंबईला आले, परळच्या चाळीत राहिले, गिरणीत खपले. वडील गेले त्याला तीस वर्षे झाली. दादाचे लग्न दादरच्या हॉलमध्ये, माझे ठाण्याच्या. दोन्ही वेळा गुरुजींनी कसली तरी पाने सुपाला बांधून आणली आणि आम्ही त्यांवर अक्षता टाकल्या. जुन्यांपैकी उरली एक धाकटी आत्या. वय अठ्ठ्याऐंशी, राहणार खालापूर तालुक्यात, खोपोलीच्याही पलीकडे. फोनवर तिला ऐकू येत नाही. पितृपंधरवडा लागला होता. अशा दिवसांत लग्नाच्या कामाला बाहेर पडू नये, असे वहिनींचे म्हणणे. "पितरांचीच तर चौकशी करायची आहे," दादा म्हणाला, आणि मी दुसऱ्या दिवशी पहाटेची कर्जत लोकल धरली.

वांगणी सुटली की या आगगाडीचा प्रवास प्रवासासारखा वाटू लागतो. उजवीकडे माथेरानचा डोंगर, डावीकडे लांबवर सह्याद्रीची भिंत, आणि मधल्या खाचरांत पोटरीला आलेले भात. नेरळला उजाडले आणि भीमाशंकरच्या बाजूने, डोंगराच्या कडेवरून सूर्य वर आला. तो देखावा पाहून मला एकदम एक खरेखुरे कुलचिन्ह आठवले, आणि ते आपल्या मुंबईतलेच आहे.

सर जमशेटजी जीजीभॉय हे बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. साल १८५७. या किताबाबरोबर ढालीवरचे चिन्हही मिळते. जमशेटजींच्या ढालीवर सिंह नाही, गेंडा नाही. निळ्या पार्श्वभूमीवर खाली आपल्या सह्याद्रीचे घाट, त्यांच्यामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. ढालीच्या माथ्यावर गव्हात उभा असलेला मोर, चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीद काय, तर उद्योग आणि औदार्य. अनाथ पोर म्हणून बाटल्यांच्या धंद्यापासून सुरुवात करणाऱ्या आणि लोक 'बाटलीवाला' म्हणत त्या माणसाला शोभेल असेच चिन्ह. मुंबईत आगगाडी यावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर खटपट करणाऱ्यांत तेही होते. पण बोरघाट चढून जाणारी गाडी १८६३ साली सुरू झाली आणि जमशेटजी १८५९ मध्येच वारले. ढालीवरचे घाट आगगाडीने ओलांडणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.

आता गंमत अशी की ही ढाल 'जीजीभॉय' या आडनावाची नव्हे. ती एका माणसाला दिलेली, आणि त्याच्यामागून त्याच्या वारसाला. १८६० मध्ये तर खास कायदा होऊन असे ठरले की किताबाचा जो जो वारस होईल त्याने आपले मूळ नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचे. इंग्लंडातली रीतही अशीच. तिथे १४८४ साली स्थापन झालेली एक संस्था आहे, ती अशी चिन्हे देते आणि त्यांच्या वह्या ठेवते. पण चिन्ह मिळते ते व्यक्तीला आणि तिच्या वंशाला. स्मिथ नावाचे लाखो लोक असतील, त्या सगळ्यांचे मिळून एक चिन्ह नाही. पुतण्याच्या दुकानदाराने विकला तो सिंह कुण्या परक्या सरदाराचा असेल किंवा कुणाचाच नसेल. आमच्याकडच्या संस्थानिकांनाही अशा ढाली मिळाल्या त्या १८७७ च्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकेका संस्थानासाठी चिन्हे आखून दिली आणि ती रेशमी निशाणांवर चढवून राजेरजवाड्यांच्या हाती ठेवली. ज्यांचे पूर्वज घोड्यावर बसून अटकेपर्यंत गेले, त्यांना आपली निशाणी कोणती हे सरकारी अंमलदाराकडून कळले!

कर्जत स्टेशनाची दोन वैशिष्ट्ये जुनी आहेत. एक म्हणजे तिथला वडा. दुसरे म्हणजे घाट चढण्यासाठी गाडीला पाठीमागून लावायची इंजिने. पुण्याची गाडी थांबायची, इंजिने लागेपर्यंत उतारूंच्या हाती वडा पडायचा. एकाच थांब्यावर दोघांचीही सोय. मीही वडा घेतला, आणि फलाटावर उभा राहून आजोबांचा विचार करू लागलो. याच फलाटावरून एक वळकटी घेऊन ते उलट दिशेने गेले असणार. या तालुक्यातून मुंबईला गेलेल्यांच्या नावांना पुष्कळदा 'कर' लागला. ही आडनावे मोठी मजेची. कर्जतेत कुणी कर्जतकर नसतो. गाव सोडल्याशिवाय गावाचे नाव मिळत नाही. आमच्या आडनावाला मात्र 'कर' नाही. ते का नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

चुलत्यांचा मुलगा घ्यायला आला होता. आमचे गाव कोंढाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, उल्हास नदीच्या काठी. वर राजमाचीचे दोन बालेकिल्ले ढगांत आत-बाहेर करीत होते. घर आता सिमेंटचे झाले आहे, पण माळ्यावरची पत्र्याची ट्रंक जुनीच. चुलतभावाने ती काढली. देवकाचे त्यालाही माहीत नव्हते. "आमच्या वेळीसुद्धा पाचपालवीच आणली," तो म्हणाला. "आत्यालाच विचारायला पाहिजे."

ट्रंकेत एक मोडीतला कागद निघाला. मला मोडी अडखळत वाचता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे ते गहाणखत होते. सावकाराकडून बी-बियाण्यासाठी घेतलेले पैसे, आणि तारण म्हणून नदीपलीकडचे खाचर. सावकाराच्या नावापुढे 'दस्तुरखुद्द', म्हणजे स्वतःच्या हाताने सही. खाली आमच्या खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, गावाचे नाव. आडनाव नाही. नावाच्या बाजूला तीन रेघांची एक ओबडधोबड आकृती, आणि शेजारी लेखनिकाने लिहिलेले दोन शब्द : निशाणी नांगर.

मी कागद हातात धरून बराच वेळ बसलो. जुन्या मराठी कागदांची ही रीत मी पुस्तकांतून वाचली होती; आपल्याच घरात ती भेटेल असे वाटले नव्हते. गावची पंचाईत बसे, महजर होई, वतनाचा किंवा शिवेचा निवाडा लिहिला जाई, आणि खाली सारी मंडळी आपापली निशाणी करीत. पाटील, देशमुख, कुणबी यांचा नांगर. बाजारपेठेच्या शेट्याचा तराजू. शिपाईगड्याची कट्यार. कारागीर आपल्या हत्याराची आकृती काढी. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्याकडेही दाखवायला काही तरी होते, आणि ते त्याच्या रोजच्या कामाचे होते. पुढे सरकारदरबारी अंगठ्याचा ठसा आला. अंगठा सगळ्यांचा सारखाच काळा. नांगर, तराजू, कट्यार कागदावरून उतरून गेली. दिल्लीच्या मैदानात रेशमी निशाणे फडकत होती त्याच सुमारास आमचे खापरपणजोबा कर्जाच्या कागदावर नांगर काढीत होते. नांगराचा फाळ मात्र त्यांनी मोठ्या काळजीने काढलेला दिसला.

संध्याकाळी चुलतभावाचा मुलगा म्हणाला, "काका, लेणी बघायची?" गुडघे तयार नव्हते, पण गेलो. कोंढाण्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्याच्या दर्शनी भागात एका मोडक्या यक्षमूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतला एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच मजकूर. त्या बलकाला ना आडनाव, ना ढाल. गुरूचे नाव आणि हातचे काम, एवढ्यावर तो भागवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलाच्या गाडीतून चौकमार्गे निघालो. हा रस्ता इतिहासाने भरलेला आहे, पण त्या दिवशी मला ठिकठिकाणी नावेच दिसत होती. चौक हे नेतोजी पालकरांचे गाव म्हणून सांगतात. लोक ज्याला प्रतिशिवाजी म्हणत असा हा सरनोबत. १६६६ मध्ये तो महाराजांपासून दुरावला आणि औरंगजेबाच्या हाती सापडला. धर्म गेला, नाव गेले; मुहम्मद कुली खान होऊन तो काबूलकडे रवाना झाला. दहा वर्षांनी, १६७६ साली, परत आला आणि महाराजांनी त्याला शुद्ध करून घेतले. पुन्हा नेतोजी, पुन्हा पालकर. दहा वर्षे परक्या नावाने हाका ऐकल्यावर परत आलेल्या माणसाला 'नेतोजी' म्हणून पहिली हाक कुणी मारली असेल, आणि ओ द्यायला त्याला किती वेळ लागला असेल? बखरी असल्या गोष्टी सांगत नाहीत.

पुढे महडला वरदविनायकाचे दर्शन घेतले. हे देऊळ १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले. इथल्या 'कर'नेही आपले मूळ गाव बरोबर वागवले आहे. खोपोलीत मोठा तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे, ते नाना फडणीसांचे. नानांचे घराण्याचे आडनाव भानू. फडणिशी हा हुद्दा. हुद्द्याने आडनावाला असे गिळले की आज भानू कोण, असे विचारले तर दहांतले नऊ जण डोके खाजवतील. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल घ्या. इंग्रजांशी लढताना २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पडले, ते याच कर्जत भागाचे. कोतवाल हाही हुद्दाच. आणि खालापुरातल्या कातकरी वाड्यांवर जा. वाघमारे, मुकणे, हिलम यांच्या शेजारी पवार आणि जाधव भेटतील. धार आणि देवासच्या गादीवरही पवारच होते. पुतण्याच्या दुकानदाराने पवार या आडनावाची ढाल कुणाच्या भिंतीवर टांगावी, धारच्या वाड्यावर की वाडीतल्या कुडावर?

जपानात मात्र घराण्यांची चिन्हे असतात, आणि ती पुष्कळदा पानाफुलांची. तोकुगावा घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षे तो देश चालवला. त्यांचे चिन्ह म्हणजे एका वर्तुळात तीन पाने. हे मला देवकाच्या अधिक जवळचे वाटते. फरक इतकाच की त्यांनी ते कापडावर विणले, कौलांवर कोरले, डोळ्यांपुढे ठेवले. आम्ही ते रानात ठेवले आणि बायकांच्या स्मरणावर सोपवले.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलो की शेमडीपाशी चावणीचा फाटा फुटतो. ही उंबरखिंड. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान हजारोंची फौज घेऊन या जंगलातून उतरला आणि महाराजांनी त्याला असा कोंडला की पाण्यावाचून फौज हैराण झाली. त्याच्याबरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती. रायबागन हा तिचा किताब. शरण जा, असा शहाणपणाचा सल्ला तिनेच खानाला दिला. आज तिथे नदीच्या पात्रात स्मारक आहे. आत्याचे गाव तिथून पुढे, फार लांब नाही.

आत्या पडवीत बसून भिजवलेले वाल सोलीत होती. पाया पडलो. तिने तोंडावरून हात फिरवला, मी वाळलो आहे असे जाहीर केले आणि सुनेला चहा टाकायला सांगितले. चहा होईपर्यंत धीर निघेना. तिच्या कानाशी जाऊन ओरडलो,

"आत्या, आपलं देवक काय?"

"आँ?"

"देवक! लग्नातलं देवक!"

"आमचं कळंब," आत्या म्हणाली आणि पुन्हा वाल सोलू लागली.

मी मटकन खाली बसलो. वहिनी डोळ्यांपुढे आल्या, न पाहिलेली ती पुण्याची आजी आली. खोटे सांगावे का, हाही विचार आला. तो मी लपवीत नाही. पाचपालवी म्हणून ठोकून दिले तर कोण बघायला येणार आहे? पण आत्याला खोटे पाडून घरी जाणार कसा?

"कळंब? नक्की?"

"नक्की म्हंजे? सत्तर वरसं या घरात काढली. चार पोरांची लग्नं केली. चारी वक्ताला कळंबाची फांदी याच हातांनी पुजली."

"या घरात..." माझ्या डोक्यात उजेड पडू लागला. "आत्या, या घरचं नव्हे! तुझ्या माहेरचं!"

"मग माहेरचं म्हन की! आमचं काय इचारतोस?" आत्याने कपाळाला हात लावला. "तुमचं उंबर."

मी 'आपलं' विचारले होते आणि तिने 'आमचं' सांगितले होते. मराठीत या दोन शब्दांमध्ये एक अख्खे सासर उभे असते, आणि एकोणसत्तर वर्षे मराठी बोलून मला ते ऐकू आले नव्हते. कान तिचे गेलेत असे आम्ही समजत होतो.

उंबर कशावरून, तर तिने गालावर हात ठेवून दाखवला. आठ वर्षांची असेल. पावसाचे दिवस, सरपण ओले. नदीकडे एक वाळकी फांदी पडलेली दिसली, ती तिने ओढत आणली आणि चुलीत सारली. आजीने पाहिले, थाडकन मुस्कटात दिली, जळती फांदी चुलीतून उपसून पाण्यात बुडवली आणि तिला हळदकुंकू लावून परत नदीला नेऊन ठेवली. "उंबराचं लाकूड आपल्या घरात जाळीत नाय, तवापासनं कळलं." पुढे थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लग्नात, तिचे आईबाप कुऱ्हाड घेऊन, वाजंत्री लावून नदीपलीकडच्या उंबरापाशी गेले आणि एक डहाळी घेऊन आले, हेही तिला आठवत होते. वाजंत्रीवाल्याचा बैल कसा बुजला, तेही.

मग मी आडनावाचे विचारले. कागदावर ते नाही, असे का?

आत्या हसली. "आडनाव? ते तर तुझ्या आज्याला मुंबईत गावलं." आजोबा गिरणीच्या दारात उभे राहिले तेव्हा कारकुनाने नाव विचारले. नाव सांगितले, बापाचे सांगितले. आडनाव? गावात कुणी कधी विचारले नव्हते. ज्या मुकादमाने त्यांना आणले होते तो घाटावरचा, साताऱ्याकडचा. "याचं काय लिहायचं?" असे कारकुनाने त्याला विचारले. मुकादम घाईत होता. "घाला माझंच," म्हणाला. त्या दिवसापासून ते आमचे. म्हणजे तो तांबडा सिंह कदाचित खरा असेलच, तर तो त्या मुकादमाचा.

गावात फोनची रेंज बांधावर लागते. तिथे जाऊन वहिनींना कळवले. पलीकडून काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मग वहिनी एवढेच म्हणाल्या, "उंबर. भाऊजी, मी जरा बसते." अर्ध्या तासाने पुण्याचा निरोप आला. आजीचा आहेर आजच काढून ठेवला आहे.

निघताना आत्याने बजावले. फांदी कुठल्याही उंबराची आणू नका. आपल्या गावचा, नदीपलीकडच्या खाचराच्या बांधावरचा उंबर आहे, त्याचीच आणा. आदल्या दिवशी जा. आधी सुपारी ठेवून विचारा, मग तोडा.

संध्याकाळी कर्जतेला परत आलो, तो चुलतभावाच्या मुलाला म्हटले, चल, झाड पाहून येऊ. तो काही बोलला नाही. पुलावरून गाडी नदीपलीकडे घातली आणि एका उंच भिंतीपाशी थांबवली. या तालुक्यात आता अशा भिंती पुष्कळ आहेत, मुंबईकरांची फार्महाउसे. भिंतीच्या आतून एक थोरला उंबर बाहेर डोकावत होता. खोडाला खालपासून वरपर्यंत फळे लगडलेली, पोपटांचा कलकलाट चाललेला.

"हेच खाचर," तो म्हणाला. "एकोणीसशे चौऱ्याण्णव साली विकलं. बाबांनी, आणि तुम्ही सगळ्यांनी."

मला आठवले. दादाकडे कागद आला होता. वारस म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. मी ऑफिसातून आलो होतो, जेवायचे ताट मांडले होते; उभ्या उभ्या सही केली. वाचलेदेखील नाही. आजोबांच्या आजोबांनी हेच खाचर गहाण टाकले आणि कसेबसे सोडवून घेतले होते. माझी सही मात्र शाईच्या पेनाची, वळणदार, आडनावासकट.

फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे दोन सिंह बसवलेले होते. पांढरा रंग दिलेला, जिभा लाल. मी फोनवर छायाचित्र काढून पुतण्याला पाठवले आणि खाली लिहिले, आपले कुलचिन्ह. तिकडे सकाळ होती, लगेच उत्तर आले : "काका, सिंह फारच छान!" मी पुन्हा लिहिले, सिंह नव्हे, मागे बघ.

एवढ्यात राखणदार बाहेर आला. कोण पाहिजे, म्हणाला. मी त्याला सगळे सांगितले. देवक, लग्न, आत्या, सुपारी. तो साठीचा, इथलाच माणूस. त्याने एकदा झाडाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"उंबर होय? बरं. आदल्या दिवशी या. मालक शनिवार-रविवारशिवाय नसतात." फाटक लोटून घेता घेता तो थांबला. "वाजंत्री मात्र पुलाच्या अलीकडेच ठेवा हं. आत कुत्री फार आहेत."